वटाव

रविवारी सकाळी साडेआठला धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडं डॅलसला तेव्हा शनिवारची रात्र असते, त्याची जेवणं उरकलेली असतात. इकडं लातुरात आप्पा आठपासूनच दाढी-आंघोळ करून, टोपी घालून बसलेले असतात. फोन कसा धरायचा हे त्यांना अजून जमलेलं नाही, त्यामुळं धाकट्याला वडिलांचं दर्शन होतं ते भुवयांपासून टोपीपर्यंतच.

"काय करूलालास?" हा आप्पांचा ठरलेला पहिला प्रश्न.

"काही नाही आप्पा, फोनच्या बिलाचं बघूलालो." तिकडं जाऊन बारा वर्षं झाली, तरी आप्पांशी बोलताना त्याच्या तोंडात लातूर येतंच. बायकोशी तो असं बोलत नाही. ती पुण्याची आहे.

बिलाचं प्रकरण असं होतं. त्याच्या घरात चार फोन, चारही एकाच कंपनीचे, महिन्याचं बिल दोनशे डॉलरच्या आसपास. इतकी वर्षं ते क्रेडिट कार्डावरून आपोआप भरलं जायचं. आता कंपनीनं कळवलं होतं, की बिल आपोआप भरण्याची सवलत चालू ठेवायची असेल तर पैसे बँकेच्या खात्यातून नाहीतर डेबिट कार्डावरून गेले पाहिजेत. क्रेडिट कार्ड लावायला कुणाची ना नाही, फक्त सवलत मिळणार नाही. सवलत फोनमागं दहा डॉलरची. चार फोनांचे चाळीस, वर्षाचे चारशे ऐंशी.

"मग बँकेतून दे की," मी म्हटलं. "चाळीस डॉलर कोण सोडतंय?"

"कुणीच सोडत नाही, ताई. म्हणून तर जरा विचार करूलालो."

आप्पा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे वटाव म्हण की सरळ."

आप्पा मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मुनीम होते. एकाच आडत दुकानात अडतीस वर्षं. आज वय ८१, पण घराचा हिशोब अजून त्यांच्याकडं आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवते, तरी माझं पासबुकसुद्धा तेच तपासतात. मला त्याचा पूर्वी राग यायचा. आता का येत नाही ते पुढं येईलच.

वटाव, म्हणजे किमतीतली सूट, मी दरवर्षी अकरावीच्या पोरांना शिकवते. व्यापारी वटाव आणि रोख वटाव. व्यापारी वटाव छापील किमतीतूनच वजा होतो, वहीत त्याची नोंदच करत नाहीत, कारण ती छापील किंमत कुणी देणारच नसतं. रोख वटाव लवकर पैसे चुकते केल्याबद्दल मिळतो, त्याची नोंद होते. देणाऱ्याचा तो तोटा, घेणाऱ्याचा नफा. पोरं परीक्षेपुरतं पाठ करतात. आप्पांना पाठ करावं लागलं नाही. सोयाबीन घालून संध्याकाळच्या एसटीनं गावाकडं परतायचं असलेला शेतकरी "आत्ताच नगदी द्या" म्हणाला, की पट्टीत, म्हणजे त्याच्या हिशोबाच्या कागदावर, हमाली-तोलाईच्या खाली आणखी एक ओळ यायची. शेकड्याला एक, कधी दीड, कधी दोन. ते नियमात बसत नव्हतं. हे आप्पाच सांगतात, आणि सांगताना खाली बघतात, कारण ती ओळ त्यांच्याच अक्षरात असायची.

त्याच्याही आधीची गोष्ट आजोबांची. आमच्या भागात निजामाचा हाली सिक्का चालायचा आणि पलीकडं इंग्रजी मुलखात कलदार. ७ हाली म्हणजे ६ कलदार. लातुरातून बार्शीला लहान रेल्वे जायची, आणि बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, म्हणजे इंग्रजांची. तिकडं खरेदीला जायचं तर हाली मोडून कलदार घ्यायचे, आणि मोडून देणारा मधल्यामधे बट्टा कापायचा. आप्पांनी लहानपणी दोन्ही नाणी हाताळलीत. पोलीस ॲक्शन झाली तरी हाली लगेच गेला नव्हता. त्यामुळं एक रुपया दुसऱ्या रुपयाइतका नसतो, हे आमच्या घरात कुणाला वेगळं समजवावं लागत नाही.

धाकट्यानं मला कंपनीची बाजू सांगितली. कार्डावरून पैसे आले की त्यातला दोन-तीन टक्के वाटा कार्डवाली बँक आणि कार्डाचं जाळं चालवणारे घेतात. दोनशे डॉलरच्या बिलावर हे झाले चार ते सहा डॉलर. तेच पैसे सरळ खात्यातून ओढले तर कंपनीचा खर्च काही सेंटांचा. डेबिट कार्डाचंही तिथं स्वस्त, कारण मोठ्या बँकांना डेबिट व्यवहारावर जो वाटा कापता येतो त्याला २०१० च्या कायद्यापासून मर्यादा आहे, व्यवहारामागं २१ सेंट आणि वर रकमेचा अगदी बारीक अंश. म्हणून कंपन्यांना खातं प्रिय, कार्ड नकोसं. तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांची रीत थोड्याफार फरकानं हीच. टी-मोबाइलनं २०२३ मध्ये क्रेडिट कार्डवाल्यांची सवलत काढली, व्हेरायझन आपल्या नावाचं कार्ड घेतलं तर तेवढ्यावर मात्र सवलत देतं.

इथपर्यंत मला पटलं. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. कंपनीचे वाचतात चार-सहा डॉलर आणि ती सोडते चाळीस? असा वटाव देणारा व्यापारी मोंढ्यात दिवाळीपर्यंत टिकला नसता.

"बरोबर पकडलंस," धाकटा म्हणाला. "जाहिरातीत सगळीकडं सवलत धरूनच भाव छापतात. खाली बारीक अक्षरात."

म्हणजे चाळीस डॉलर कमी केलेला भाव हाच खरा भाव. कार्डवाल्याला त्यावर चाळीस जास्तीचे लागतात, पण त्याला दंड म्हटलं तर लोक भडकतील, शिवाय कार्डावर जादा आकार लावायला तिथल्या काही राज्यांत बंधनं आहेत. सूट द्यायला मात्र कुणाची हरकत नाही. रोख वटावाचा सदरा घातलेला हा व्यापारी वटाव. मी तो पुढच्या वर्षी वर्गात उदाहरण म्हणून सांगणार आहे, पोरांच्या डोक्यावरून गेला तरी.

अर्थात कंपनीला एवढंच नको असतं. कार्ड दर तीन-चार वर्षांनी बदलतं, हरवतं, मुदत संपते. मग बिल अडतं, फोन करावे लागतात, गिऱ्हाईक त्या निमित्तानं एकदा विचार करतं की ही कंपनी ठेवावी का. खातं सहसा बदलत नाही. पगार तिथं, घराचा हप्ता तिथं. एकदा खात्याला नळ जोडला की तो गळतोय का, हे बघायलाही कुणी उठत नाही.

धाकट्याचा घोर वेगळा होता. कार्ड सोडलं की त्यावरचे दोन टक्के परत मिळायचे ते गेले, म्हणजे चार डॉलर. त्याचं त्याला काही नाही. त्याच्या कार्डाबरोबर फोन फुटला तर भरपाई होती, पण बिल त्या कार्डावरून भरलं तरच, तीही गेली. पण त्याला खुपत होतं ते निराळंच. कार्डावर चुकीची रक्कम लागली तर तो हरकत घेतो, आणि निकाल लागेपर्यंत तेवढी रक्कम भरावी लागत नाही. तो कायदा १९७४ चा. कार्ड चोरून कुणी वापरलं तरी गिऱ्हाइकाच्या गळ्यात जास्तीत जास्त ५० डॉलर. डेबिट कार्डाचा कायदा १९७८ चा, आणि तो घड्याळ लावून बसलेला: कार्ड हरवल्याचं दोन कामाच्या दिवसांत कळवलं तर ५० डॉलर, उशीर झाला तर ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंट आल्यावर साठ दिवस गप्प राहिलात तर पुढच्या नुकसानीला मर्यादाच नाही. तोवर पैसे मात्र खात्यातून गेलेले.

आणि हे खातं द्यायचं कुणाला? २०२१ मध्ये टी-मोबाइलमधून ७ कोटींहून जास्त लोकांची माहिती चोरीला गेली, पुढं ३५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. तिसरी मोठी कंपनी एटीअँडटी, तिनं २०२४ मध्ये सांगितलं की आजी-माजी मिळून ७ कोटी ३० लाख गिऱ्हाइकांची माहिती बाहेर पडली आहे. दोन्ही वेळी त्यात लोकांचे सोशल सिक्युरिटी नंबर होते, म्हणजे तिकडचे आधारसारखे नंबर. बँक खाती गेली असं नाही. पण ज्याच्या घरात चोरी होऊन गेलीय, त्यानं "तुमच्या तिजोरीची किल्ली माझ्याकडं ठेवा, चाळीस देतो" म्हणावं, हे धाकट्याला जरा जास्तच वाटत होतं.

"किल्ली दिली की मग माझं झालं तसं होतंय," मी म्हटलं. आप्पा हसले. म्हणजे फोनवर टोपी हलली.

माझं काय झालं ते सांगते. जुलै २०२०. कॉलेज बंद, तास मोबाइलवर, आणि आमच्या गल्लीत तेव्हा इंटरनेटची तार आलेली नव्हती. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावरच्या दुकानातून मी डोंगल घेतलं. २९९ चा प्लॅन, वर १८ टक्के जीएसटी. काउंटरवर दोरी बांधून गिऱ्हाइकाला चार हात लांब उभं केलेलं. आतला पोरगा मास्कच्या आडून म्हणाला, "मॅडम, ईसीएस करून टाका, पैसे खात्यातून आपोआप जातील, दर महिन्याला यायचं काम नको." त्या दिवसांत घराबाहेर पडायचं काम नको, हे ऐकून कुणीही कशावरही सही केली असती.

त्यानं दोरीखालून कागद सरकवला. वर एनॅच असं काहीसं लिहिलेलं; लोक अजून ईसीएसच म्हणतात. खातं नंबर, बँक, कधीपासून कधीपर्यंत. 'कधीपर्यंत'च्या जागी त्यानं 'रद्द करेपर्यंत'ला टिक केली. मग कमाल रक्कम अशी एक चौकट होती, तीत ५००० लिहिले.

"अरे, प्लॅन तर तीनशेचा आहे."

"ते असंच टाकतात मॅडम. बिल कमीजास्त झालं तर परत सही नको."

मी सही केली. रोज पोरांना सांगणारी मी, की कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारल्याशिवाय सही करायची नाही. आप्पांच्या दुकानात उचल घ्यायला आलेला अंगठेबहाद्दर शेतकरीसुद्धा आकडा वाचून दाखवा म्हणायचा, आणि मी आकडा वाचून, चुकीचा आहे हे कळून, सही केली.

२०२२ च्या सुरुवातीला कॉलेज नीट भरू लागलं, घरी ब्रॉडबँड आलं. डोंगल परत केलं, अर्ज दिला, विनंती स्वीकारल्याचा मेसेजही आला. मी विसरून गेले. सप्टेंबरात आप्पा माझं पासबुक छापून आणायला बँकेत गेले. ते मशीन त्यांना फार आवडतं. वही आत ओढून घेतं, कुरकुर करतं आणि पान भरून बाहेर काढतं. तिथं त्यांचा अर्धा तास जातो, मागची रांग वाढत जाते.

दुपारी चष्मा लावून, शिसपेन्सिल घेऊन ते एकेका ओळीला टिक करत बसले. थोड्या वेळानं हाक आली.

"हे तीनशे बावन्न रुपये ब्याऐंशी पैसे कुणाला?"

"आप्पा, असेल काही फोनचं."

"फोनचं नाही. फोनचं त्याच्या वरच्या ओळीत हाय. आन् ब्याऐंशी पैसे आजकाल कोण देतंय? पैशातला आकडा दिसला की समजायचं, हे माणसानं नाही कापलेलं."

सात महिने, दर महिन्याच्या सात तारखेला, ३५२.८२. एकूण २,४६९ रुपये ७४ पैसे. बँकेचा मेसेज दर वेळी आला होता, इंग्रजीत, औषधांच्या आणि लोनच्या जाहिरातींच्या गर्दीत. मी सातही वेळा तो बोटानं बाजूला सारला असणार.

दुकानातला पोरगा बदललेला होता. नवा म्हणाला, "आमच्याकडून डोंगल बंदच दिसतंय मॅडम. पैसे बँक कापतीय, बँकेत बंद करा." बँकेत गेले. तिथले अधिकारी भले होते, पाणी विचारलं, संगणकावर माझा तो कागद काढून दाखवला. माझी सही, ५०००, रद्द करेपर्यंत.

"मॅडम, कंपनी मागते, आम्ही सोडतो. यात बँकेची चूक कुठाय?"

मी तयारीनं गेले होते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं: गिऱ्हाइकानं परवानगी न दिलेला व्यवहार झाला, दोष ना बँकेचा ना गिऱ्हाइकाचा, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर गिऱ्हाइकाला शून्य तोशीस. त्यांनी ते वाचलं, परत दिलं.

"परवानगी न दिलेला म्हणतात यात. तुम्ही तर दिलेली आहे."

आणि ते बरोबर होते! हेच मला घरी येईपर्यंत सलत राहिलं. चोरट्यानं पाच हजार काढले असते तर माझ्या बाजूनं कागद होता. मीच दार उघडून दिलेल्या माणसानं साडेतीनशे उचलले, तर कागद त्याच्या बाजूनं. तेच बिल कार्डावर लागलं असतं तर भरायची तारीख येईपर्यंत पैसे माझ्या हातात राहिले असते आणि मी भांडले असते. इथं पैसे गेले होते आणि भांडायला मला रिक्षा करून जावं लागत होतं. चार खेपा झाल्या. शेवटी पाच महिन्यांचे पैसे परत आले, १,७६४ रुपये १० पैसे. पाचच का, सात का नाहीत, हे कुणी सांगितलं नाही. मीही नाद सोडला.

आपल्याकडं याच काळात काही गोष्टी बऱ्या झाल्यात, हेही कबूल केलं पाहिजे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे घ्यायचे तर चोवीस तास आधी कळवावं लागतं, नको असेल तर थांबवता येतं. ओटीपीशिवाय कापायची मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० केली. यूपीआय ऑटोपे २०२० पासून आहे, त्यात तर कमाल रक्कम आपल्याच फोनवर दिसते आणि आपल्याच बोटानं बंद होते. दोरीपलीकडच्या पोराला विचारावं लागत नाही. माझा कागद जुन्या पद्धतीचा होता, एवढंच.

पण आपल्याकडं फोन कंपनीनं कार्ड नको म्हणायची वेळ येते तरी कुठं? यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला काहीच कापलं जात नाही, म्हणून सगळा देश खात्यातूनच देतो. भाजीवालीपासून फोनच्या रिचार्जपर्यंत. उलट काही ॲपवर क्रेडिट कार्डानं बिल भरायला गेलं की वर चार रुपये सुविधा शुल्क लागतं. तिकडं चाळीस डॉलर देऊन लोकांना ज्या दारातून आणावं लागतं, त्या दारातून आपण फुकटात, आपण होऊन आलोय. चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही. माझ्याकडं क्रेडिट कार्ड आहे ते पेट्रोलला वापरते, आणि बाकी सगळं खात्यातून जातं.

धाकट्याला हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मग मी काय करू ते सांग ना."

उत्तर आप्पांनी दिलं. दुकानात दोन पेट्या असायच्या. मोठी तिजोरी शेटच्या बसायच्या जागेखाली, आणि एक पत्र्याची डबी मुनिमाच्या पुढ्यात. हमालांचा चहा, सुतळी, दाभण, पोस्टाची तिकिटं, सगळं त्या डबीतून. सोमवारी शेट त्यात ठरलेले पैसे टाकायचा. डबी कुणी पळवली तरी चहाचेच पैसे जाणार. "तुला किल्ली द्यायचीच आसंल तर डबीची दे. तिजोरीची कामून देतोस?"

धाकट्यानं दुसऱ्या बँकेत एक रिकामं खातं उघडलंय. महिन्याच्या वीस तारखेला त्यात बिलापुरते पैसे टाकतो, बावीसला कंपनी घेऊन जाते. चाळीस डॉलरही हातचे गेले नाहीत. त्या खात्याचं नाव त्यानं फोनमध्ये 'डबी' असंच ठेवलंय. बायको विचारते हे काय, तर सांगत नाही म्हणे.

आमच्याकडं पाडव्याला अजून वहीपूजन होतं. दुकान नाही, धंदा नाही, पण आप्पा लाल कापडाची वही आणतात, पहिल्या पानावर स्वस्तिक काढतात, मग मागच्या वर्षाच्या बाक्या पुढं ओढतात. शेजारच्या काकूंकडून दळणाचे साठ रुपये. नळ दुरुस्तीवाल्याला दिलेली दोनशेची उचल, तो परत आलाच नाही. आणि त्याखाली, दरसालप्रमाणं, 'फोन कंपनी, डोंगलबाबत, येणे ७०५ रुपये ६४ पैसे.'

मी यंदा म्हटलं, "आप्पा, ते काही येत नाहीत आता. बुडीत लिहून टाका."

"बुडीत लिवायला शेटची सही लागती," म्हणाले आणि पान वाळायला ठेवलं.